पाच साखळ्या, बारा आणे

२१ जानेवारी १९९६, रविवार

आज आम्ही धुळ्यावर धुळं ठेवलं! खाली एकशे दहा वर्षांपूर्वीचं, वर आजचं. आणि पहिल्याच झटक्याला पांझरा नदी थेट एसटी स्टँडवरून वाहायला लागली. मी एवढी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हे सगळं हिलालच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. हिलाल माझाच विद्यार्थी. नववीत असताना या पठ्ठ्याला अक्षांश कुठले नि रेखांश कुठले, हे सांगता यायचं नाही. आज बत्तीस वर्षांचा झालाय, आणि मला शिकवतो. त्याचा जळगावचा मित्र अभिमन एक मोठा बोर्ड घेऊन आलाय, जेवणाच्या टेबलाएवढा. गोधडीत गुंडाळून एसटीने आणला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे. या बोर्डावर जुना नकाशा पसरायचा, भिंगासारखं एक यंत्र त्यावर फिरवायचं, एखाद्या जागी नेमकं टेकवून बटण दाबायचं, की ती जागा पडद्यावर ठिपका होऊन उमटते. मी तीस वर्षं फळ्यावर खडूने जगाचे नकाशे काढले. हे आधी मिळालं असतं तर!

चौथे आमचे रतिलाल नाना. वय सत्तर. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली, शिरपूर-चोपड्याची सगळी शिवारं पायाखालून घातली. नकाशाची नक्कल त्यांनीच रीतसर अर्ज करून मिळवली. येताना गोणपाटात आपली जुनी शंकू साखळी घेऊन आले. तेहतीस फूट लांब, आणि तिचे सोळा भाग. एकेका भागाला म्हणतात आणा! साखळीलाही आणे असतात, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. गंमत वाटली म्हणून लिहून ठेवते.

२३ जानेवारी

हे सगळं कशासाठी, ते लिहायचं राहिलंच. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो, तोही करंगळीएवढा. म्हातारी माणसं सांगतात की इथे मोठी सार्वजनिक विहीर होती, कधीतरी बुजवली आणि वर घरं झाली. कुठे होती ते एकालाही सांगता येत नाही. प्रत्येकाचा हात वेगळ्याच दिशेला. मग माझ्या डोक्यात आलं, नकाशात असेलच की! नाना, हिलाल आणि मी, आमची ही फौज तिथून उभी राहिली.

समोरच्या मंजुळाबाईला सगळ्यांत जास्त घाई. तिची सुमन सुरतला दिलेली. तीन वर्षं झाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही. मागच्या वर्षी मूल झालं, ते आजीने अजून पाहिलेलं नाही. मंजुळाबाई आज माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, सुमन सांगस, पानी नही तठे पोऱ्याले लीसन कशी येऊ?" मी म्हटलं, या आखाजीला सुमन येणार. माझ्या शब्दावर कळव तिला.

तिने सांगितलं, मी लिहिलं. पोस्टकार्ड मीच टाकलं.

४ फेब्रुवारी

जमलं, जमलं, जमलं! तीन पक्क्या खुणा धरल्या. मारुतीचा पार, चावडीचा कोपरा आणि घाटाची सर्वांत वरची पायरी. तिन्ही तेव्हाही तिथेच होत्या, आजही तिथेच आहेत. नानांचं म्हणणं, कागद शंभर वर्षांत आकसतो, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. हिलालने तिन्ही जुळवल्या आणि कॉम्प्युटरने चूक किती ते सांगितलं: हातभर. फक्त हातभर! नदी आपल्या जागी आली. चावडीमागचा बोळ आजच्या बोळावर असा बसला की अभिमनने टाळ्याच वाजवल्या.

मी नानांना म्हटलं, आता तुमच्या साखळीला गोणपाटातच राहू द्या. नानांनी गोणपाटाचं तोंड बांधून टाकलं. त्यांना यंत्राचा थोडा राग असावा. असतो म्हाताऱ्या माणसांना.

१८ फेब्रुवारी

घात! ठिपके भरत आमच्या गल्लीपाशी आलो, तर नकाशाचा नेमका तो कोपरा वाळवीने खाल्लेला. मूळ कागदच खाल्लेला, मग नकलेत कुठून येणार? मला रडूच कोसळलं असतं. पण नानांनी पिशवीतून मोजणी वहीची नक्कल काढली. नकाशा काढण्याआधी जागेवर जी मापं घेतात, ती या वहीत असतात. त्यात आमची विहीर आहे! "सार्वजनिक विहीर, मध्य", मारुतीच्या पाराच्या कोपऱ्यापासून सरळ पूर्वेकडे, साखळ्या ५, आणे १२.

नाना म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही भरा." मी म्हटलं, नको नाना, तुमचा चष्मा जुना झालाय, मला अंक चांगले येतात. सगळी मापं मीच भरली. ५.१२ टाकलं, हिलालने साखळ्यांचे फूट केले, आणि पडद्यावर फुली उमटली. वर आजची घरं आणली. फुली बरोबर मंजुळाबाईच्या ओट्यावर!

अभिमन ओरडला, आणि मग सगळेच.

२० फेब्रुवारी

वाटलं तेवढं सोपं नाही. मंजुळाबाईचा ओटा म्हणजे तिचं दुकान. उन्हाळ्यात त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालते. अर्ध्या धुळ्याला तिच्या बिबड्या लागतात, आणि हंगाम तोंडावर आलाय. ओटा फोडला तर यंदा बिबड्या कुठे घालणार? तिचे दीर भटूआबा तर नाहीच म्हणाले.

मी तासभर बोलले. माझं बोलणं चांगलं होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. म्हटलं, एक ओटा मोठा की सगळ्या गल्लीचं पाणी? स्वतःचं थोडं सोडल्याशिवाय चार लोकांचं भलं होत नाही. मंजुळाबाईच म्हणाली, "खंदी टाका. वटा परत बांधता येई. पानी लागनं ते बठ्ठी गल्लीनं व्हई."

काय बाई आहे! नाना म्हणाले, "खोदण्याआधी एकदा साखळी टाकून बघू या का?" मी म्हटलं, नाना, हातभर चूक! अजून काय हवं तुम्हाला? ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं."

१० मार्च, रविवार

नाही.

१२ मार्च

रविवारचं आज लिहिते. ओटा फोडला. दिवसभर सहा जणांनी खोदलं, डोक्याइतका खोल खड्डा झाला. काळी माती, मग पिवळी माती, मग मुरूम. नाना खड्ड्यात उतरले, मुरूम चिमटीत चोळून वर आले आणि म्हणाले, "ही माती कधी कोणी हलवलेलीच नाही. इथे विहीर नव्हती."

भटूआबा माझ्याकडे वळले, तर नानाच मध्ये आले. "चूक माझी. ती वही मी आणली, खात्री मी करून घ्यायला हवी होती. बाईंना काही बोलू नका." मग भटूआबा नानांना जे बोलले ते लिहवत नाही. मंजुळाबाईसुद्धा बोलली. पदर तोंडाला लावून बोलली, पण बोलली.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर रागही आला. इतकी वर्षं मोजणीत घालवली, आणि वही तपासून घेता आली नाही? माझा शब्द गेला ना त्यात! मी सुमनला पोस्टकार्ड टाकलंय.

१५ मार्च

नाना पहाटे आमच्या गल्लीत साखळी घेऊन फिरत होते. भटूआबांच्या पोराला एक टोक धरायला लावलं होतं. मी दार उघडलं तर ते माझ्याच पायरीशी उभे. मी म्हटलं, आता काय उपयोग नाना? या, चहा घ्या.

बैठकीत बसले. मोझेक फरशीकडे बघत होते. गल्लीतली पहिली मोझेक फरशी माझी, मागच्या जूनमध्ये निवृत्त झाल्यावर घातली. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, काचेच्या कपाटात माझ्या वर्गांचे फोटो. माझी एवढी एकच हौस. नाना म्हणाले, "फरशी छान आहे. खाली काय होतं हो?" म्हटलं, कोबा. "त्याच्या खाली?" मला काय माहीत! घर ह्यांनी, आमच्या मालकांनी, बांधलं तेव्हा मी नव्हते, सून म्हणून नंतर आले. चहा अर्धा टाकून उठले. जाताना म्हणाले, "बाई, आता हे राहू द्या. झालं ते झालं." थकलेत बिचारे.

२० मार्च, पाडवा

गुढी उभारली. समोर खड्ड्यावर पत्रा टाकलाय. मंजुळाबाई बिबड्या घालायला रोज गच्चीवर चढते, हातात पिठाचं पातेलं घेऊन, लोखंडी शिडीने. आज पाय घसरला, पण सावरली. मी खिडकीतून पाहिलं आणि मागे सरले. तिला हाक मारायला हवी होती.

३१ मार्च

सुमनचं उत्तर आलं. मंजुळाबाईला वाचता येत नाही, ती माझ्याकडेच घेऊन आली. "विहीर लागली का ते कळव, मग तिकिटाचं बघते." मी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "लिखी टाका बाई, नही लागनी." मी म्हटलं, उद्या लिहू.

छे, असं हातपाय गाळून चालणार नाही! नानांनी आणलेल्या वहीतच कुठेतरी चूक आहे. ती मी शोधून काढणार. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी, माझ्या नजरेतून चूक सुटत नाही.

३ एप्रिल

दोन दिवस वही घेऊन बसले आहे. दोनशे अठरा मापं. प्रत्येक ओळ लाल पेन्सिलने तपासली. मोजणीदाराने कुठे बेरीज चुकवली, कुठे अंक गिरवला, सगळं पाहिलं. काही नाही. मग म्हटलं, दुसऱ्या रकान्यातले आकडेच नीट बघू. ३, ११, ७, १५, ९, १५, १४, २...

पंधराच्या पुढे एकही आकडा नाही. दोनशे अठरा मापांत सोळा नाही, वीस नाही, पन्नास नाही.

अगं बाई.

आणे. सोळा आणे. बारा आणे म्हणजे साखळीचा पाऊण भाग. मी ५.१२ टाकलं, पाहिजे होतं ५.७५! शाळेतल्या पोराने असं केलं असतं तर अख्ख्या वर्गासमोर उभं केलं असतं मी त्याला. सोळाने भागायचं ते मी शंभराने भागलं. वही बरोबर होती. यंत्र बरोबर होतं. चुकले ती मी, एकटी मी, आणि नानांना वाचूही दिलं नाही.

पण सापडली! चूक सापडली म्हणजे विहीर सापडली. फरक किती? शून्य पूर्णांक त्रेसष्ट गुणिले तेहतीस. जवळजवळ एकवीस फूट. मंजुळाबाईच्या ओट्यावरच्या खड्ड्यापासून एकवीस फूट पूर्वेला.

टेप घेऊन बाहेर जाते.

त्याच दिवशी

ओट्याच्या मधोमध टेप धरून निघाले. ओटा संपला तिथे चार फूट. गल्ली नऊ. माझी पायरी आणि भिंत तीन. सोळा झाले, आणि पुढे माझं दार.

दार उघडून टेप आत नेला. कपाटाच्या दोन फूट अलीकडे, मोझेकच्या मधल्या फुलावर.

४ एप्रिल

काही लिहीत नाही.

तरी लिहिते. कोणाला माहीत आहे? कोणालाही नाही. गल्लीने विहिरीचा नाद सोडलाय. भटूआबा म्हणतात, ओटा वैशाखात बांधून टाकू. मी मदत करीन, चांगली मदत करीन. पक्की फरशी घालून देईन तिला. आणि विहीर निघेलच कशावरून? एवढी खोल बुजवलेली, पाणी आटलेलंही असेल. मी एकटी बाई, म्हातारपणी घरात खड्डा घेऊन बसू? हे सगळं बरोबर आहे. सकाळपासून हेच घोकतेय आणि चहासुद्धा बैठकीत घेतला नाही, स्वयंपाकघरात उभ्याने घेतला.

नाना त्या दिवशी माझ्या पायरीशी साखळी घेऊन उभे होते. फरशीखाली काय आहे, विचारत होते.

माहीत आहे त्यांना. तीन आठवडे माहीत आहे.

५ एप्रिल

सकाळी सातला नानांच्या घरी गेले. अंगणात दात घासत होते. तशीच म्हणाले, नाना, तुम्हाला ठाऊक होतं! त्यांनी चूळ भरली आणि मान डोलावली. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? गल्लीच्या शिव्या का खाल्ल्या? भांडायलाच गेले होते मी, स्वतःशी भांडता येत नाही म्हणून.

नाना म्हणाले, "बाई, नोकरी होती तोवर मी दुसऱ्याच्या दारात खुणेचे दगड रोवले. साहेब सांगेल तिथे. किती जणांच्या भिंती गेल्या त्यात. आता मला कोणी हुकूम देत नाही. तुमच्या घरात दगड मी कशाला रोवू? रोवायचा असेल तर तुम्ही रोवा."

"आणि नसता रोवला तर?"

"तर माझं तोंड बंद होतं."

तिथून थेट मंजुळाबाईकडे. ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती, हातात पातेलं. मी खालूनच सांगितलं, मोठ्याने, भटूआबांनाही ऐकू जाईल असं. चूक माझी होती. नानांची नव्हे. तुझा ओटा माझ्या अडाणीपणाने गेला. विहीर माझ्या बैठकीत आहे.

ती खाली उतरली. पातेलं ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलू दे म्हणून मी उभी राहिले. ती एवढंच म्हणाली, "नानाले मी काय नही ते बोली गयी, बाई." आणि रडली. मग डोळे पुसून घरातून पहार घेऊन आली. "मंग चाला ना! आठे काब्र उभ्या शेतस?"

६ एप्रिल

जगाचा नकाशा उतरवला, कपाट मागच्या खोलीत नेलं. हिलालने मापं पुन्हा भरली, आणे नीट सोळाने भागून, नानांनी वाचून आणि मी लिहून. फुली उमटली ती मधल्या फुलावरच. वर नानांनी साखळीही टाकली. दोन्ही मापांत चार बोटांचा फरक. नाना आणि कॉम्प्युटर, दोघेही खूश.

पहिली फरशी मी उचकटली. तिच्याकडे बघत बसले असते तर दुसरी कोणाला उचकटू दिली नसती मी. पाचव्या फरशीनंतर मात्र काही वाटलं नाही, आणि दहावीनंतर मजाच यायला लागली!

दोन फुटांवर पहारीचा आवाज बदलला. खण्ण. घडीव दगड. मग त्याच्या शेजारी दुसरा, थोडा वळलेला. तिसरा. नाना गुडघ्यावर बसले, हाताने माती सारली, आणि बोटाने हवेत गोल काढला. कठडा! हिलाल भटूआबांच्या गळ्यात पडला. मी कोणाच्या गळ्यात पडले ते आता आठवत नाही.

११ एप्रिल

गाळ, विटा, फुटके रांजण, एक आख्खं बैलगाडीचं चाक. बारा फूट. गल्लीतल्या प्रत्येक घरचा एक माणूस पाळीने उतरतो. कामावरून आले की थेट माझ्याच घरात. माझ्या घराला घर म्हणायला आता स्वयंपाकघर तेवढं उरलंय. सगळीकडे चिखल, आणि मी सगळ्यांना चहा करते. इतकी माणसं माझ्याकडे मालक गेले तेव्हाही आली नव्हती.

पण पाणी नाही. तळाशी नुसती ओल.

१४ एप्रिल

सतरा फूट. ओलच. भटूआबा म्हणाले, आटली असेल हो. मी आतल्या आत चिरडीला आले. सुमनच्या पत्राला उत्तर अजून दिलेलं नाही. सहा दिवसांवर आखाजी.

१६ एप्रिल

पाणी! पाणी! पाणी! दुपारी चार वाजता, साडेएकोणीस फुटांवर. हिलाल खाली होता, एकदम किंचाळला, आम्हाला वाटलं साप. त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तासाभरात पोटऱ्यांपर्यंत आलं, तेव्हा त्याला ओढून काढलं. गढूळ, चहासारखं, पण पाणी! मंजुळाबाईने ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांच्या अंगावर उडवलं, नानांच्या तर टोपीवरच. नाना रागावले नाहीत.

पोस्टकार्ड आखाजीपर्यंत पोहोचायचं नाही. मंजुळाबाईला घेऊन मी एसटीडी बूथवर गेले. तिने आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात धरला, उलटा. मी सरळ करून दिला. ती जोरात म्हणाली, "सुमन, ये!" आणि ठेवून दिला. मी म्हटलं, अगं, अजून काही बोलायचं होतंस! ती म्हणाली, मंग काय बोलनं व्हतं?

१८ एप्रिल

नगरपालिकेचा माणूस पावडर टाकून गेला. प्यायचं नाही, उकळूनही नाही, पण वापरायला हरकत नाही म्हणाला. रहाट बसवला, कठड्यावर जाळी टाकली. पाणी निवळायला लागलंय.

२० एप्रिल, आखाजी

सुमन काल सकाळच्या गाडीने आली. गोरा, गुबगुबीत पोऱ्या आहे, आजीला बघून भोकाड पसरलं. मंजुळाबाईने विहिरीजवळच परातीत बसवून त्याला आंघोळ घातली, हवं तेवढं पाणी वापरलं, पुन्हा ओतलं आणि पुन्हा भरलं. गल्लीतल्या बायका नुसत्या बघत होत्या. आज आखाजीच्या घागरी प्रत्येक घरात भरल्या. मी मालकांच्या नावाची भरली. या विहिरीच्या पाण्याने, त्यांनीच जी नकळत झाकली होती.

दुपारी हिलालच्या क्लासमध्ये गेले. तो नकाशा पक्का करत होता. खाजगी जागा लाल रंगात, सार्वजनिक निळ्या. म्हणाला, "बाई, तुमची बैठक कुठल्या रंगात दाखवू?"

म्हटलं, निळ्या.

"नक्की? एकदा छापलं की तसंच राहील."

म्हटलं, निळाच कर, नि माझं नाव तिथून काढून टाक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग केलं. छापून निघेपर्यंत मी उभी होते. यंत्र करकर करत होतं आणि मला घाई झाली होती, रात्रीच्या पुरणपोळीआधी सगळी भांडी घासायची होती, घरात वापरायच्या पाण्याचा थेंब नव्हता.

घरी पोहोचले तर दारातून गल्लीच्या टोकापर्यंत हंडे-कळश्यांची रांग. मी आपली नेहमीसारखी आत शिरायला गेले, तर मंजुळाबाईने हात आडवा केला.

"बाई, नंबर लावा. म्होरे सुमन शे."

लावला. अकरावी होते.